थांबण्याची तरतूद

उतारवयात मनुष्यास किती पुरे, हा प्रश्न दिसावयास जमाखर्चाचा आहे. परंतु त्याचे उत्तर वहीच्या शेवटच्या पानावरील बेरजेत सापडत नाही, असा बहुतेकांचा अनुभव आहे. किती पुरे हे ठरविण्यापूर्वी कशासाठी पुरे हे ठरवावे लागते, आणि ते ठरविणे म्हणजे उरलेले आयुष्य कोणत्या गोष्टीस्तव जगावयाचे ह्याचा निवाडा करणे होय. हा निवाडा टाळून केलेली काटकसर पुष्कळदा कृपणता ठरते, व तो टाळून केलेला खर्च उधळपट्टी ठरतो. ह्या जुन्या प्रश्नास अमेरिकेतील काही वृद्ध मंडळींनी एक निराळे उत्तर दिले आहे. ते वरवर पाहता चमत्कारिक वाटले, तरी त्यामागील विचार हसून सोडून देण्याजोगा नाही. म्हणून त्याची थोडी सविस्तर चर्चा करण्याचे आम्ही योजिले आहे.

ही मंडळी नोकरीतून निवृत्त होताच आपले राहते घर विकून टाकतात. सामानसुमान मुलाबाळांस वाटून देतात किंवा मोडीत काढतात. आणि उरलेला संसार एका मोठ्या गाडीत भरून देशभर हिंडू लागतात. तिकडे ह्या वाहनास ‘आर. व्ही.’ म्हणतात, आपण त्यास मोटारघर म्हणू. त्यात निजावयास पलंग, स्वयंपाकास शेगडी, लहानसा फ्रीज, न्हाणी व शौचकूप, पाण्याची टाकी, सांडपाण्याच्या निराळ्या टाक्या, आणि पुष्कळदा छपरावर उन्हापासून वीज करणारी तावदाने असतात. काही मोटारघरे स्वतःच्या इंजिनावर चालतात, काही दुसऱ्या गाडीमागे जोडून ओढावी लागतात. सुटीपुरते अशा गाडीतून हिंडणारे लोक पुष्कळ आहेत; आम्हांस येथे कर्तव्य आहे ते बारमास तीतच राहणाऱ्यांशी. त्यांस दुसरे घर नाही. हिवाळ्यात ते ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे किंवा फ्लॉरिडाकडे उतरतात, आणि उन्हाळ्यात उत्तरेकडील थंड मुलुखाची वाट धरतात.

हा प्रकार अगदी कालपरवाचा नव्हे. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा शहरी मोटारीतून हिंडणाऱ्या हौशी लोकांनी ‘टिन कॅन टूरिस्ट्स’ नावाचे मंडळ स्थापन केले होते. पुढे १९७८ साली के आणि जो पीटरसन ह्या दांपत्याने ‘एस्केपीज’ ही फिरस्त्यांची संस्था काढली. तेव्हा हा केवळ चार लहरी माणसांचा छंद आहे असे मानण्याचे कारण नाही. त्यात एक जीवनदृष्टी आहे, आणि तिचे गुण प्रथम मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजेत.

पहिला गुण असा की, मोटारघरात राहणाऱ्यास परिग्रहाची मर्यादा प्रत्यक्ष कळते. गाडीने किती भार वाहावा हे कारखानदाराने पट्टीवर छापून ठेविलेले असते. आमच्या घरांच्या भिंतींवर अशी पाटी कोणी लावीत नाही, म्हणूनच आमचे माळे कधी भरत नाहीत. तेथे नवे पातेले आत यावयाचे तर जुने बाहेर जावे लागते. पाणी किती सांडले हे टाकीचा काटा सांगतो, आणि वीज किती जाळली हे सायंकाळी मंदावणारा दिवा सांगतो. आपल्या गरजा किती थोड्या आहेत हे ज्ञान ग्रंथ वाचून होते त्याहून अशा संसारात लवकर होते. दुसरा गुण असा की, म्हातारपण म्हणजे खिडकीशी बसून दिवस मोजणे, ही समजूत ही मंडळी आपल्या आचरणाने खोटी पाडतात. ज्यांनी चाळीस वर्षे एका मेजापाशी घालविली, त्यांनी उरलेल्या वर्षांत पर्वत व अरण्ये पाहावयाची इच्छा धरली तर त्यांस दोष कोण देईल?

आता त्यांच्या जमेच्या बाजूकडे वळू. अमेरिकेत १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांनी ‘सोशल सिक्युरिटी’च्या कायद्यावर सही केली. त्या कायद्यान्वये, पुरेशी वर्षे काम करून कर भरलेल्या माणसास वृद्धापकाळी आमरण मासिक वेतन मिळते. ते ६२ व्या वर्षापासून घेता येते. परंतु १९६० साली किंवा त्यानंतर जन्मलेल्यांस पूर्ण वेतनाचे वय ६७ असल्यामुळे, पाच वर्षे घाई करणाऱ्याची रक्कम शेकडा ३० ने कमी होते व ती कपात जन्माची असते. उलट ७० पर्यंत धीर धरणाऱ्यास पूर्ण रकमेहून शेकडा २४ अधिक मिळते. १९६५ सालच्या कायद्याने आलेला ‘मेडिकेअर’ हा सरकारी आरोग्यविमा सामान्यतः ६५ व्या वर्षी लागू होतो; त्याआधी निवृत्त होणाऱ्यास मधल्या काळाचा विमा बहुधा स्वतःच्या खिशातून घ्यावा लागतो. ह्याशिवाय घर विकून आलेली पुंजी असते. तिच्याविषयी १९९४ साली विल्यम बेंगन ह्या आर्थिक सल्लागाराने मागील बाजारभाव तपासून असा ठोकताळा मांडिला की, समभाग व रोखे ह्यांत गुंतविलेल्या रकमेतून पहिल्या वर्षी शेकडा ४ काढावे, पुढे महागाईच्या मानाने ती रक्कम वाढवीत न्यावी, म्हणजे पुंजी तीस वर्षे पुरावी.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एका काल्पनिक दांपत्याचे अंदाजपत्रक मांडून पाहू. दोघांचे मिळून वेतन दरमहा २५०० डॉलर. घर विकून व मोटारघर विकत घेऊन उरलेली पुंजी अडीच लाख, तिचे शेकडा ४ म्हणजे वर्षास १०,०००, अर्थात दरमहा सुमारे ८३३. एकूण जमा ३३३३. खर्चाच्या बाजूस, वर्षाकाठी ८००० मैल प्रवास व एका गॅलनास ८ मैल धरले असता १००० गॅलन पेट्रोल लागेल. साडेतीन डॉलर भावाने त्याचे दरमहा सुमारे २९० होतात. मुक्कामाचे भाडे ६००, गाडीचा विमा १५०, अन्न ७००, आरोग्याचे हप्ते व औषधे ५००, दुरुस्ती ३००, दूरध्वनी इत्यादी १५०, किरकोळ ३००. बेरीज २९९०. दरमहा ३४० डॉलरांहून अधिक शिल्लक! सरकारी मोकळ्या जमिनींचा उपयोग केला तर भाडे आणखी कमी होईल; कारण अशा पुष्कळ जमिनींवर फुकट उतरता येते, मात्र बहुधा चौदा दिवसांनी तळ हलवावा लागतो. ॲरिझोनात क्वार्ट्झसाइट गावाजवळच्या सरकारी तळावर १५ सप्टेंबरपासून १५ एप्रिलपर्यंत राहण्याचे शुल्क २०२० च्या सुमारास अवघे १८० डॉलर होते. ६२ वर्षांवरील नागरिकांस राष्ट्रीय उद्यानांचा तहहयात परवानाही २०१७ पासून ८० डॉलरांस मिळू लागला. मग ह्या दांपत्याने निश्चिंत का असू नये?

येथेच आमच्या मते हिशेबाची पहिली फसगत आहे. घर हे निवाऱ्याचे साधन असून शिवाय संपत्तीचा साठाही असते. मोटारघर निवारा देते, परंतु देता देता स्वतःची किंमत खात असते. त्याचे टायर तर झिजण्यापूर्वीच म्हातारे होतात. नक्षी शाबूत असली तरी सहासात वर्षांत रबर निबर होते, आणि जाणते लोक ते बदलून टाकतात. दहा वर्षांहून जुनी गाडी आत घ्यावयाची नाही, असा नियम काही खाजगी तळांनी केलेला असतो. तेव्हा आमच्या काल्पनिक दांपत्याने ९०,००० डॉलर देऊन गाडी घेतली असेल व ती पंधरा वर्षे चालेल असे मानिले, तर दरमहा ५०० डॉलर घसारा धरावयास हवा. तो धरताच ३४० ची शिल्लक नाहीशी होऊन १६० ची तूट दिसू लागते. ज्या वहीत घसाऱ्याचा रकाना नाही ती वही खोटी नसली तरी अपुरी आहे, आणि अपुऱ्या वहीवर विसंबणारा मनुष्य खोट्या वहीवर विसंबणाऱ्याइतकाच बुडतो.

परंतु ही चूक पैशाने भरून निघण्यासारखी आहे. खरी मोठी उणीव दुसरीच आहे. वरील अंदाजपत्रकातील प्रत्येक बाब चालत राहण्याच्या खर्चाची आहे. थांबण्याच्या खर्चाची एकही नाही. आणि थांबावे तर प्रत्येकास लागणार. एक दिवस डोळ्यांस रात्रीचा रस्ता नीट दिसेनासा होतो. हातांस ते अवजड चक्र फिरवण्याची ताकद राहत नाही. किंवा दोघांपैकी जो गाडी हाकीत असे तोच आधी जातो, आणि मागे राहिलेल्यास त्या गाडीच्या किल्ल्या हाती धरून बसावे लागते. त्या दिवशी मोटारघर हे घरही राहत नाही व मोटारही राहत नाही. आजारात मेडिकेअर पुष्कळसा भार उचलते खरे, परंतु केवळ न्हाऊमाखू घालणे, भरविणे, उठविणेबसविणे अशी जी दीर्घकाळची शुश्रूषा, तिचा खर्च ते देत नाही. निर्धनांसाठी असलेली ‘मेडिकेड’ ही योजना तो खर्च देते. पण ती प्रत्येक राज्याच्या रहिवाशांस त्या त्या राज्याच्या नियमांनी मिळते. ज्याने करात सूट मिळावी म्हणून साउथ डकोटाचा किंवा टेक्ससचा टपालाचा पत्ता घेतला, आणि त्या राज्यात वर्षातून चार दिवसही घालविले नाहीत, तो कोठला रहिवासी म्हणावयाचा? कागदावर तो एका गावचा आहे. परंतु त्या गावी त्याच्यासाठी दार उघडणारे कोणी नाही.

ह्यावर असा आक्षेप येईल की, उद्याची चिंता टाकणे हेच तर ह्या आयुष्याचे मर्म. आमच्याही परंपरेत परिव्राजकाचा आदर्श आहे, अनिकेत हे साधूचे विशेषण आहे, आणि वानप्रस्थाचा अर्थ घर सोडणे हाच आहे. आक्षेप वजनदार आहे. परंतु त्यात एक गोष्ट विसरली जाते. आमचा परिव्राजक निराधार हिंडत नसे. त्याची झोळी रिकामी असे ती गावोगावच्या चुली पेटलेल्या असत म्हणून. त्याचा जमाखर्च गृहस्थाच्या वहीत लिहिलेला असे, आणि अतिथीस अन्न देणे हा त्या गृहस्थाचा धर्म मानलेला होता. शिवाय त्याच्या फिरण्यासही नियमाचा लगाम होता: पावसाळ्यात त्याने एके ठिकाणी राहावे, ह्यासाठीच चातुर्मासाची योजना. म्हणजे ज्या समाजाने भ्रमणास पावित्र्य दिले, त्यानेच थांबण्याचीही व्यवस्था करून ठेविली. मोटारघरातील वृद्धाची गोष्ट निराळी आहे. तो आपली चूल, आपले पाणी व आपली वही बरोबर घेऊन फिरतो; त्याची वाट पाहणारी चूल कोठेही नाही. संन्याशाची निश्चिंतता त्याने उसनी घेतली, परंतु ती ज्या तारणावर मिळत होती ते तारण त्याजपाशी नाही.

ही गोष्ट त्या लोकांच्या ध्यानात आली नसेल असे मात्र नाही. वर उल्लेखिलेल्या एस्केपीज संस्थेच्या सभासदांनीच टेक्ससमधील लिव्हिंगस्टन गावी ‘केअर’ नावाचे केंद्र उभारले. वार्धक्याने किंवा आजाराने ज्यांस पुढे जाता येत नाही, त्यांनी आपले मोटारघर तेथे उभे करावे, त्यातच राहावे, आणि जेवण, धुणे, घराची झाडलोट, डॉक्टरांकडे नेणेआणणे ह्या कामी मदत घ्यावी, अशी ती योजना. आम्हांस ह्या केंद्राचे मोल फार वाटते. ज्यांनी आपल्या संस्थेच्या नावातच निसटून जाण्याची भाषा केली, त्यांनीच काही वर्षांनी एकमेकांस धरून ठेवणारी जागा बांधिली! स्वातंत्र्याचा अनुभव प्रामाणिकपणे घेणाऱ्यांस त्याची दुसरी बाजू अखेर दिसतेच.

येथवर आम्ही ज्यांच्याविषयी बोललो त्यांनी घर विकले ते स्वेच्छेने. पण ज्यांच्या हातून घर सुटले अशांचीही संख्या थोडी नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर पुष्कळ वृद्धांची घरे व पुंजी गेली, आणि तुटपुंज्या वेतनात भाडे परवडेना म्हणून त्यांनी गाडीचा आश्रय केला. जेसिका ब्रूडर ह्या पत्रकार बाईंनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ ह्या पुस्तकात त्यांचे वृत्त सांगितले, आणि त्यावरील चित्रपटास २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. साठी उलटलेली ही माणसे हंगामी कामाच्या मागे फिरतात. शरद ऋतूत उत्तर डकोटा व मिनेसोटाकडे साखरबिटाच्या हंगामास जातात, उन्हाळ्यात सरकारी तळांची राखण व झाडलोट करतात, नाताळापूर्वी मालाच्या प्रचंड वखारींत रात्रपाळी करतात. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. एकीत छंद राहतो, दुसरीत गरज राहते. शहरांच्या दृष्टीने मात्र हा भेद लवकर उघड होतो. कारण पैसेवाला फिरस्ता भाड्याच्या तळावर उतरतो, आणि गरीब फिरस्त्यास रस्त्याच्या कडेस रात्र काढावी लागते. ओरेगन राज्यातील ग्रँट्स पास शहराच्या खटल्यात २८ जून २०२४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, सार्वजनिक जागी मुक्काम केल्याबद्दल शिक्षा करणे हे संविधानाने निषिद्ध केलेल्या क्रूर शिक्षेत मोडत नाही. कायद्याचा अर्थ काहीही असो. ज्यास कोठेच थांबण्याची मुभा नाही त्याच्या चालण्यास स्वातंत्र्य हे नाव देणे आम्हांस सत्याचा अपलाप वाटतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, भ्रमणाचे स्वातंत्र्य हे थांबण्याच्या सामर्थ्यावर उभे असते. उद्या सकाळी ज्यास मनात आले तर थांबता येईल, तो आज प्रवासी आहे. ज्यास येणार नाही, तो विस्थापित आहे, मग त्याच्या गाडीची काच कितीही रुंद असो. ही कसोटी लाविली म्हणजे अंदाजपत्रकाचा क्रमच बदलतो. प्रथम थांबण्याची रक्कम वेगळी काढावी, मग घसारा, मग आजार, आणि राहील त्यात जितके मैल बसतील तितके हिंडावे. बहुतेक लोक आधी मैल मोजतात आणि थांबणे उरल्यासुरल्यावर सोडतात.

परंतु एवढ्यावर थांबलो तर आमचा उपदेश अन्यायाचा होईल. ज्याच्या मिळकतीत शिल्लकच पडत नाही, त्यास शिल्लक टाकण्याचा उपदेश करणे म्हणजे उपाशी माणसास मिताहाराचे गुण सांगणे होय. थांबण्याची तरतूद ही काही अंशी व्यक्तीची व काही अंशी समाजाची आहे. १९३५ सालच्या त्या कायद्याचे तत्त्व तरी दुसरे काय होते? कामकऱ्यांच्या एका पिढीने दुसरीस थांबावयास जागा करून द्यावयाची, हेच. त्याच न्यायाने, जो धडधाकट असताना कराची सूट शोधीत पत्ते बदलतो आणि कोठल्याच गावाच्या शाळा, ग्रंथालय किंवा इस्पितळाशी नाते ठेवीत नाही, त्याने पुढे एखाद्या गावाने आपणांस सामावून घ्यावे अशी अपेक्षा करताना संकोच बाळगावयास हवा. शेजार हीदेखील एक पुंजी आहे, आणि तिच्यावर व्याज फार सावकाश चढते. रस्त्यावर जोडलेली मैत्री खोटी नसते. अडल्यानडल्यास गाडी दुरुस्त करावयास अनोळखी माणूस धावून येतो, हे त्या जगाचे भूषणच आहे. पण चौदा दिवसांनी तळ हलतो, आणि शुश्रूषेस चौदा दिवस पुरत नाहीत.

आमच्या वाचकांपैकी कोणी मोटारघर घेऊन निघतील असा संभव थोडा. तथापि सहा महिने पुण्यास आणि सहा महिने न्यू जर्सीत मुलाकडे, अशी उतारवयाची वाटणी करणारी मराठी कुटुंबे आज थोडी नाहीत. पाहुणे म्हणून गेलेल्या आईवडिलांस तेथील मेडिकेअर लागू होत नाही. आणि इकडील बंद सदनिकेचा शेजार दर वर्षी थोडा थोडा परका होत जातो. विमानाच्या तिकिटाचा, प्रवासी विम्याचा हिशेब ही मंडळी चोख ठेवतात; दोघांपैकी एकजण मागे राहिल्यास त्याने कोठे राहावे हा प्रश्न मात्र सणासुदीस, नातवंडांसमोर, अशुभ म्हणून टाळला जातो. आमच्या मते तो अशुभ नाही. तो वेळेवर विचारावा, मुलांसमक्ष विचारावा, आणि त्याचे उत्तर आकड्यांसह लिहून ठेवावे. तसे लिहून ठेवलेले असले म्हणजे उरलेल्या दिवसांत मन मोकळे राहते, आणि मग पाय जिकडे नेतील तिकडे खुशाल जावे.